मणाला दोन आण्यांची तोफ

जालना जिल्ह्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये, अंबडकडे जा नाहीतर भोकरदनकडे, घरात एकेकाळी असलेल्या बंदुकीचा विषय निघाला की थोड्या वेळात एक वाक्य ऐकू येतंच. ‘द्यायला नको होती.’ बंदूक कुणाच्या आजोबांची असते, कुणाच्या थोरल्या काकांची. ती विकली तेव्हा घरात कुणी हरकत घेतलेली नसते. उलट एक ब्याद गेली म्हणून सगळ्यांना हलकंच वाटलेलं असतं. आजोबा गेले, परवाना त्यांच्या नावाचा. वारसाने अर्ज करायचा, पोलीस पडताळणी व्हायची, जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालायच्या, आणि तोवर बंदूक ठाण्यात नाहीतर दुकानात जमा. मुलं पुण्यात, संभाजीनगरात. निवडणूक आली की पुन्हा जमा करण्याचा हुकूम. ज्या कामासाठी ती घेतली ती शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपलेली. शेवटी दुकानदाराने सांगितलेला आकडा मान्य करून कागद पुरे केले आणि विषय मिटला.

तो मिटलेला नव्हता, हे वीस-तीस वर्षांनी कळतं.

मला या हळहळीचं फार कुतूहल वाटतं. शेत विकल्याचं दुःख समजतं, ते पिकत होतं. सोनं मोडल्याचं समजतं, त्याचा भाव वाढला. बंदूक मात्र वर्षानुवर्षं पेटीत तेल लावून पडलेली होती. तिने घराला काही मिळवून दिलं नव्हतं, आणि जिने ती हातात घेतली ती पिढीही उरली नव्हती. मग चुटपुट कशाची? याचा माग काढत गेलं की माणूस बर्मिंगहॅमच्या भट्ट्यांपासून विजापूरच्या बुरुजापर्यंत जातो, आणि वाटेत जालना जिल्ह्यातलंच एक रणांगण लागतं.

आधी ती घरातली दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, जवळून पाहू. ‘बारा बोअर’ हा शब्द गावात पोरासोरांनाही माहीत असतो. त्यातला बारा कशाचा? एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या करायच्या. त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. सोळा गोळ्या केल्या तर प्रत्येक गोळी लहान होते, म्हणून सोळा बोअरची नळी बारापेक्षा बारीक. आकडा वाढतो तशी नळी आकसते, हे कोडं असं सुटतं. गोल गोळीचा जमाना सरला, छर्‍यांची काडतुसं आली, तरी माप त्या शिशाच्या गोळ्यांचंच राहिलं.

जुन्या घराण्यांतल्या काही बंदुकांच्या नळीवर पाण्यावरच्या तरंगांसारखी नक्षी दिसते. अनेकांना ती वरून कोरलेली वाटते. ती धातूच्या अंगातलीच असते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून तापवून जोडायच्या. त्यांचा गज ओढायचा. गज तांबडालाल करून त्याला दोरासारखा पीळ द्यायचा. असे दोन-तीन पिळाचे गज शेजारीशेजारी जोडून त्यांची पट्टी करायची, ती एका सळईभोवती गुंडाळत न्यायची आणि पुन्हा तापवून, ठोकून सगळे सांधे एकजीव करायचे. नंतर आतून पोखरायचं, बाहेरून घासायचं. आणि अगदी शेवटी आम्लाने धुतलं की लोखंड एका छटेचं होतं, पोलाद दुसर्‍या, आणि आत दडलेला पीळ नळीभर उमटतो. बेल्जियममधलं लिएज आणि इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम ही या कामाची मोठी ठाणी. एका सांध्यात राखेचा कण राहिला तरी नळी फुटण्याचा धोका असायचा. पुढे बिनधुराची दारू आली. तिचा दाब जास्त, त्याला एकसंध पोलादाची नळी बरी आणि ती यंत्रावर स्वस्तात होऊ लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पिळाच्या नळ्यांचा धंदा बसला, तो पुन्हा उभा राहिला नाही.

आणखी एक गंमत, जी दुनळी हातात घेऊनही कळत नाही. तिच्या दोन नळ्या समांतर नसतात. त्या पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात, कारण डाव्या आणि उजव्या नळीचा मारा ठरावीक अंतरावर एकाच जागी पडायला हवा. दुनळी रायफल असेल तर हे काम गणिताने होत नसे. कारागीर दोन्ही नळ्यांतून बार काढायचा, फळीवर भोकं कुठे पडली ते पाहायचा, नळ्यांच्या तोंडाशी असलेला डाग तापवून पाचर केसभर सरकवायचा आणि पुन्हा बार काढायचा. दोन्ही गोळ्या जवळजवळ पडेपर्यंत हे चालायचं. म्हणजे बंदूक दुकानात येण्याआधी एका माणसाने तिच्याशी दिवसचे दिवस झटापट केलेली असे. त्या माणसाचं नाव बहुतेकदा बंदुकीवर नसतं. नाव कंपनीचं असतं, आणि एक नंबर असतो.

या नंबरापाशी मला थांबावंसं वाटतं. नळीच्या मुळाशी, लाकडी दस्ता सोडवला की बारीक ठसे दिसतात. बर्मिंगहॅममध्ये १८१३ पासून नळ्यांची सक्तीची परीक्षा घेणारं घर आहे. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून नळी उडवायची, टिकली तरच ठसा मारायचा. ठशांच्या आकारावरून साधारण कोणत्या काळातली नळी ते जाणकार सांगतो. आणि कंपनीचा नंबर तर थेट वहीत जातो. लंडन-बर्मिंगहॅमच्या जुन्या नामांकित कारखान्यांनी कोणत्या नंबराची बंदूक कधी पुरी झाली आणि कुणासाठी केली याच्या वह्या शंभर-दीडशे वर्षं जपल्या आहेत. त्या वह्यांत हिंदुस्थानातल्या संस्थानांची, जहागीरदारांची, मुंबई-कलकत्त्याच्या व्यापार्‍यांची नावं पानोपानी आहेत. मराठवाड्यातल्या एखाद्या वाड्यात लाकडी पेटीत पडलेल्या बंदुकीचा जन्म सातासमुद्रापलीकडे शाईने नोंदवलेला असू शकतो, ही कल्पनाच मला थक्क करते.

हाच नंबर आपल्याकडे परवान्यावर चढतो. घरातल्या इतर कोणत्या वस्तूची सरकारदरबारी अशी एकेक करून ओळख असते? भांड्याकुंड्यांची नाही, दागिन्यांची नाही. बंदूक विकली की ती हरवत नाही, ती कुठेतरी असते. त्याच नंबरासकट दुसर्‍या कुणाच्या परवान्यावर, दुसर्‍या कुणाच्या कपाटात. हळहळ इथे धारदार होते. मोडलेलं सोनं वितळून गेलं, त्याला शोधणार कुठे? बंदूक मात्र जशीच्या तशी आहे, आणि आपल्याकडे येऊ शकत नाही.

येऊ का शकत नाही, त्याचं कारण कायद्यांच्या थरांत आहे. शस्त्र अधिनियम १९५९ चा. सुरुवातीला एका माणसाने किती बंदुका ठेवाव्यात याला मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने ती तीनवर आणली, २०१९ च्या दुरुस्तीने दोनवर. ज्यांच्याकडे तिसरी होती त्यांना ती वर्षभरात जमा करायची होती. अनेक घरांनी तेव्हा तिन्ही पुढे ठेवून कोणती द्यायची ते ठरवलं, आणि बहुतेक वेळा सगळ्यांत जुनी, जिची काडतुसं मिळत नाहीत, ती दिली. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात बारा बोअरची काडतुसं होतात, पण एखाद्या जुन्या विलायती रायफलचं विचित्र मापाचं काडतूस कुठून आणणार? काडतूस नाही म्हणजे बंदूक निरुपयोगी, असा सरळ हिशेब. दुसरीकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून साध्या नागरिकासाठी परदेशी बंदुकांची आयात जवळपास बंद झाली. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या विलायती बंदुका जेवढ्या होत्या तेवढ्याच उरल्या. पुढे त्या कमीच होणार. वेब्ली अँड स्कॉटचं नाव असलेलं रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे तयार होतं, पण आजोबांचं वेब्ली ते नव्हे.

समजा, विकलेली बंदूक सापडली. नवा मालक परत द्यायला तयार झाला, पैसेही जमले. तरी आपल्याकडे परवाना नसेल तर तिला हात लावता येत नाही. परवाना असला तरी विकणार्‍याने आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबायचं. जाणं सोपं आणि येणं अवघड, असा हा रस्ता आहे. शस्त्रांवर असा अंकुश हवाच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्या अंकुशामुळे विक्रीचा निर्णय कायमचा होतो, एवढंच विकणार्‍याला त्या दिवशी कुणी सांगत नाही.

मनाच्या अंगानेही याचा अभ्यास झालेला आहे. डॅनियल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या अर्ध्या गटाला साधे कॉफीचे मग देऊन टाकले आणि विकाल का म्हणून विचारलं. मग मिळून काही मिनिटंच झाली होती. तरी मगवाल्यांनी मागितलेली किंमत बाकीचे द्यायला तयार असलेल्या किमतीच्या दुपटीहून जास्त होती. हातात आलेली वस्तू हातात आल्यानेच मोलाची होते. काही मिनिटांच्या मगाची ही कथा, मग तीन पिढ्यांच्या वस्तूचं काय! थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेदवेक यांनी पश्चात्तापाचा अभ्यास केला, त्यात दिसलं की जवळच्या काळात माणूस केलेल्या गोष्टींवर चुटपुटतो आणि आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टींवर. विक्री ही तर केलेली गोष्ट, मग तिची हळहळ दर वर्षी वाढते कशी? मला वाटतं, काळ लोटला की ती विक्री ‘आम्ही विकली’ अशी उरत नाही, ‘आम्ही राखली नाही’ अशी होते. केलेली गोष्ट न केलेल्या गोष्टीच्या रांगेत जाऊन बसते.

आणि राखलं काय नाही? इथे माझं उत्तर असं, की विकताना आपण उपयोग विकत असतो आणि हळहळतो ती घडणीसाठी. उपयोग संपलेला असतो, म्हणून किंमत पटकन ठरते. घडणीची किंमत त्या दिवशी कुणाच्या लक्षात नसते, कारण तशी वस्तू पुन्हा होणार नाही हे अजून कळायचं असतं. हे एका घरापुरतं नाही. राज्यांनीही हेच केलं आहे, आणि त्यातल्या सगळ्यांत मोठ्या गोष्टीचा धागा जालना जिल्ह्यातून जातो.

जिल्ह्याच्या उत्तर टोकाला केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात असई आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, वॉटर्लूवाला. उतारवयात त्याला तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती असं विचारलं, तेव्हा त्याने वॉटर्लूचं नाव घेतलं नाही, असईचं घेतलं. त्याच्याकडे वीसहून कमी तोफा, शिंद्यांकडे शंभराच्या आसपास. शिंद्यांच्या कवायती पलटणींचा मुख्य सेनापती पोलमन हा हॅनोव्हरचा, पण तोफांवरचे गोलंदाज इथले. त्यांच्याबद्दल इंग्रजी वृत्तान्त एकमुखाने सांगतात की ते तोफ सोडून हलले नाहीत. ईस्ट इंडिया कंपनीची रांग तोफांवरून पुढे गेल्यावर मेलेले समजून मागे टाकलेले गोलंदाज उठले, त्यांनी तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला त्याच तोफा दुसर्‍यांदा जिंकाव्या लागल्या. कंपनीकडचे मेलेले आणि जखमी मिळून दीड हजारांच्या वर गेले. दिवस संपला तेव्हा शिंद्यांच्या जवळपास सगळ्या तोफा त्याच्या हाती होत्या, आणि त्याने पत्रात त्यांतल्या पितळी तोफांची मनापासून तारीफ केली. इतक्या देखण्या तोफा आपण पाहिल्याच नव्हत्या, असा त्याचा भाव आहे.

या तोफा कुठून आल्या होत्या? महादजी शिंद्यांनी बेन्वा द ब्वाञ या युरोपियन सेनानीला नोकरीत घेऊन कवायती फौज उभारली, तेव्हा आग्र्याला सँग्स्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली तोफांचा कारखाना निघाला. पुढे इतर ठिकाणीही ओतकाम होऊ लागलं. असईच्या बारा दिवस आधी, ११ सप्टेंबरला, दिल्लीपाशी कंपनीच्या जनरल लेकने शिंद्यांच्या अशाच तोफा जिंकल्या. त्या तपासणार्‍या कंपनीच्या लोकांनी लिहून ठेवलेला तपशील वाचताना अंगावर काटा येतो. काही तोफांवर मथुरेचं नाव होतं, काहींवर उज्जैनचं. मापं बहुतेक फ्रेंच पद्धतीची. आणि कित्येकींच्या आतली नळी लोखंडाची होती, तिच्यावर बाहेरून पितळ ओतलेलं, आणि दोन धातूंचा सांधा इतका घट्ट की फट दिसत नव्हती. लोखंड गोळ्याच्या घर्षणाला टिकतं आणि बाहेरचा धातू धक्का सोसतो, म्हणजे दोघांचे गुण एका तोफेत. दोन धातू वेगवेगळ्या गतीने आकसतात, तरी ओतकाम न तडकता करणं ही साधी गोष्ट नव्हे. हे करणार्‍या मथुरा-उज्जैनच्या ओतार्‍यांची नावं आपल्याकडे नाहीत. त्यांचं कसब शत्रूच्या यादीत तेवढं नोंदलेलं आहे.

ऑक्टोबरात लेकने आग्र्याचा किल्ला घेतला तेव्हा शिंद्यांकडची एक राक्षसी तोफ त्याच्या हाती लागली. लांबी चौदा फुटांच्या वर, तोंड जवळपास दोन फुटांचं, वजन त्रेचाळीस टनांच्या घरात. नुसत्या धातूची किंमतच तेव्हा पन्नास हजार रुपयांच्या वर धरली गेली. तिच्यात सोनं मिसळलंय अशी बोलवा होती आणि आग्र्याचे सराफ वितळवायला मिळावी म्हणून त्याहूनही मोठी बोली करत होते. लेकला ती कलकत्त्याला न्यायची होती. तराफा यमुनेत बुडाला, तोफ वाळूत रुतली. आणि १८३३ साली सरकारने सुरुंगाने तिचे तुकडे करून ती मोडीत विकली. तिला आता फक्त मोजमापांच्या नोंदींत आणि चित्रांत शोधायचं. एकेकाळी दौलतरावांची असलेली ही तोफ आज उभी असती तर तिच्यापुढे दिवसभर माणसं उभी राहिली असती, असं मला नक्की वाटतं.

तिच्याहून वजनदार एक तोफ मात्र वाचली, आणि ती कशी वाचली हे मराठी माणसाने माहीत करून घ्यावं असं आहे. मुलुखमैदान हे नाव आपण सभा गाजवणार्‍या वक्त्यांना इतकं बहाल केलंय की मूळ तोफ बाजूला पडली. ती १५४९ साली अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला ओतली गेली, बुर्‍हाण निजामशहासाठी. ओतणारा महंमद बिन हसन रूमी, तुर्कस्तानकडचा. लांबी सुमारे साडेचार मीटर, वजन पंचावन्न टन, तोंडाचं भगदाड सत्तर सेंटिमीटरचं. तोंडाशी जबडा वासलेला सिंह आणि त्याच्या दातांत हत्ती. मराठवाड्यातल्या परांड्याच्या किल्ल्यावर ती होती, १६३२ साली आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने विजापूरला नेली. पंचावन्न टन, आणि रस्ते तेव्हाचे! धातू तपासला तर त्यात ऐंशी टक्के तांबं आणि जवळपास वीस टक्के कथिल निघालं. तोफेच्या धातूत कथिल साधारण दहा टक्के असतं. वीस टक्क्यांचं मिश्रण घंटेसाठी वापरतात, कारण त्याला नाद असतो. मुलुखमैदानवर थाप मारली की खरोखर नाद उमटतो.

१८१८ नंतर विजापूर सातार्‍याच्या छत्रपतींच्या राज्यात गेलं आणि १८४८ मध्ये ते राज्य खालसा झाल्यावर कंपनीकडे आलं. १८५४ साली सातार्‍याच्या कमिशनरचा हुकूम सुटला, की विजापुरातला डेड स्टॉक विकून टाका. सरकारी कचेरीत काम केलेल्याला हा शब्द वेगळा समजवायला नको. मोडक्या खुर्च्या, फुटके कंदील, गंजलेली कुलुपं, आणि त्याच यादीत बुरुजावरची मुलुखमैदान. लिलाव झाला. सर्वांत वरची बोली दीडशे रुपये.

जरा हिशेब करू. पंचावन्न टन म्हणजे तेव्हाच्या मापाने साधारण दीड हजार मण. दीडशे रुपयांना दीड हजार मण, म्हणजे मणाला दोन आण्यांहूनही कमी. आग्र्याच्या तोफेचा धातू मणाला चाळीस रुपयांच्या वर धरला होता. मग इथे एवढी पडती बोली का? माझा तर्क असा, की विजापुरात ती बुरुजावरून खाली आणायची, फोडायची आणि वाहून न्यायची ऐपत कुणाची नव्हती. बोली लावणारा धातूची किंमत करत नव्हता, आपल्या कष्टांची वजावट करत होता.

आता पुढचं ऐका. लिलाव करणार्‍या मामलेदाराला ती रक्कम खटकली. तोफेला लोक मानतात, फुलं वाहतात, हेही त्याला ठाऊक होतं. हुकूम स्पष्ट होता, बोली आली होती, हातोडा मारून कागद पुरे केले असते तर त्याला कुणी जाब विचारला नसता. त्याने वरच्या असिस्टंट कमिशनरला कळवलं आणि तिकडून विक्री रद्द झाली. तोफ आजही विजापुरात आहे. एका मधल्या अधिकार्‍याने थांबून एक पत्र लिहिलं, एवढ्यावर पंचावन्न टन टिकले. त्या मामलेदाराचं स्मारक कुठे असेल तर मला तिथे जायला आवडेल.

विकलेलं किंवा हातचं गेलेलं शस्त्र परत मिळवण्याचा एक आधुनिक दाखलाही सांगतो. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉन ह्युएट यांच्या हस्ते रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल मिळाली, चांदीची पाटी लावलेली. कॉर्बेट १९४७ मध्ये केनियाला गेले, १९५५ मध्ये वारले. रायफल पुढे त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकाकडे राहिली. आणि शंभरेक वर्षांनी ती रिग्बी कंपनीनेच मिळवली, बनवणार्‍यानेच. २०१६ मध्ये ती काही दिवसांसाठी कुमाऊंमध्ये कॉर्बेटच्या गावी आणली तेव्हा तिला पाहायला लोक लोटले. असं भाग्य लाखांत एखाद्या बंदुकीचं. मराठवाड्यातल्या दुनळीमागे कंपनी लंडनहून येणार नाही.

म्हणून ज्यांच्या घरात अजून आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे जी फार थोड्यांना माहीत असते. परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, की त्याच्या हयातीतच वारसाच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करता येतो. आजोबा स्वतः कचेरीत येऊन सही करू शकतात तोवर हे काम निम्म्याने सोपं असतं. ते गेल्यावर भावंडांच्या संमत्या आणि जमा-पावत्या यांतच वर्ष जातं, आणि कंटाळून विक्री होते. दुसरं, शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ प्रमाणे जुन्या घडणीचं, पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं किंवा मोडकं, आणि दुरुस्त करूनही चालू होणार नाही असं शस्त्र बाळगायला परवाना लागत नाही. तोड्याच्या आणि ठासणीच्या कित्येक मोडक्या बंदुका लोकांनी निव्वळ धास्तीने देऊन टाकल्या. आपली वस्तू त्यात बसते का हे आधी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या.

आणि विकायचीच ठरली, कारण प्रत्येक घराची अडचण वेगळी, तर दुकानदाराकडे जाण्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढा. रिकामी आहे याची खात्री करून जाणकाराकडून नळ्या सुट्या करून घ्या. दस्त्याखालचे सगळे ठसे, कंपनीचं नाव, नंबर आणि नळीवरची नक्षी यांचे उजेडात फोटो काढा. आजोबांना ती कुणी दिली, कुठून घेतली, हे जे कुणाला आठवतं ते त्याच कागदावर लिहून खाली तारीख घाला. कंपनी अजून असेल तर नंबर कळवून वहीतल्या नोंदीची प्रत मागवता येते. थोडी फी असते. आणि विक्रीच्या पावतीवर घेणार्‍याच्या परवान्याचा क्रमांक टाकायला सांगा.